स्वहिस्सा

कॅलेंडरच्या पाठीवर भरतेशनं रेघा मारून
तीन खण पाडलेत,
यार्डात पोत्यांच्या थप्प्या लावतात तसे,
मध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवून.
रात्रीचे साडेदहा. त्याच्या नखांत अजून हळद.
बोट टेकेल तिथला आकडा पिवळा होतो.

पहिल्या खणात व्याज कमी,
पण घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आधी आपला हवा.
दुसऱ्यात दहावा चालतो,
हप्ताही झेपेल असा,
फक्त वर्षं तीस.
"म्हणजे मी त्र्याहत्तरचा," तो म्हणाला
आणि पत्र्याकडे बघून हसला.
तिसरा अनुदानाचा.
व्याजातलं थोडं सरकार भरणार,
येईल तेव्हा येईल,
तोवर हप्ता पुरा.

विश्रामबागच्या शाखेत नदाफ मॅडम चांगल्या बोलल्या.
खुर्ची दिली, पाणी विचारलं.
"याला सरकारची हमी आहे ना?" मी म्हणाले.
"आहे की."
"कुणाला?"
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
"बँकेला. तुम्ही हप्ते थकवले तर."

मला आवडलं ते. निदान खरं होतं.
आमच्या अण्णांच्या वेळी पतसंस्था दोन जामीन मागायची,
आणि हप्ता चुकला की जामीन राहिलेला पाव्हणा
लग्नाच्या पंगतीत नेमका समोर बसायचा.
सरकार निदान पंगतीला येत नाही.

आता आपला हिस्सा.
पोस्टात एक लाख बारा हजार.
भिशीचे चाळीस, पण ते जूनमध्ये शाळेला लागतात.
माझ्या कानातलं:
ते मी मनातल्या मनात दोनदा विकलं,
एकदा परत घातलं.
मिरजेच्या लॅबमध्ये दिवसाला साठ जणांचं रक्त काढते मी,
शीर सापडली नाही असा हात विरळा.
या कागदात कुठं टोचायचं, कळत नाही.

कर्नाळ रोडचा फ्लॅट स्वस्त होता.
त्याच्या जिन्यात भिंतीवर एक रेघ आहे,
माझ्या डोक्याच्या वर वीतभर,
रंगाचे दोन हात मारूनही दिसणारी.
"निळ्या रेषेत येतंय हे,"
नदाफ मॅडम नकाशावरून मान वर न करता म्हणाल्या,
आणि तिन्ही खण एकाएकी सारखे झाले.
नाही. नाही. नाही.
मग कुपवाडचा. दुसरा मजला, खोल्या दोन,
समोर फाउंड्री. खिडकीच्या कट्ट्यावर काळी पूड.
नदी मात्र लांब.

तिसऱ्या खणातली एक अट
त्यानं सगळ्यात शेवटी वाचली.
घर बाईच्या नावावर,
नाहीतर बाईचं नाव आधी.

तोलार माणूस तो.
काटा थांबेपर्यंत तोंड उघडत नाही.

माझं नाव आत्तापर्यंत भांड्यांवर आहे.
परातीच्या कडेला, तांब्याच्या गळ्याशी,
ठिपक्याठिपक्यांचं,
मामाकडून, आत्याकडून, तारखेसकट.
कुणी उसनं नेलं तर परत यावं म्हणून घातलेलं.

"बघ, अनुदान येईल न येईल," तो म्हणाला.
"मग दुसरा घे. हप्ता कमी आहे."
"वर्षं तीस हायत."
"तिसऱ्यात वीस, पण महिन्याला अठराशे जास्त."
"रविवारी पण यार्डात जाईन."
"रविवारी यार्ड बंद असतं."
"व्हय," तो म्हणाला. बराच वेळ काही नाही.

मग तिसऱ्या खणाच्या डोक्यावर
पेन टेकवून थांबला.
एकवीस वर्षं हाक मारतोय तो मला,
मुलं झाल्यापासून नावानं नाही.
"त्रिशलाची वेलांटी," त्यानं विचारलं,
"पहिली का दुसरी?"

पहिली, म्हटलं.
आधारवर एक स्पेलिंग आहे, पॅनवर दुसरं,
शाळेच्या दाखल्यावर तर भलतंच.
ते उद्या बघू.